गोर्शे आणि तोशे (तिबेटी लोकनृत्य)

तिबेटी नाच म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना मोठे मुखवटे घातलेले लामाच आठवतात, पण तो छम, मठातला धार्मिक विधी. गावातली साधी माणसं सणाला, लग्नाला नाचतात तो गोर्शे. गोल करायचा, एकमेकांचे हात धरायचे किंवा मोकळे सोडायचे, आणि गाणं नाचणाऱ्यांनीच म्हणायचं. बऱ्याच ठिकाणी अर्ध्या गोलात बाप्ये आणि अर्ध्यात बाया असतात, एक बाजू ओळ गाते मग दुसरी उत्तर देते, सुरुवात संथ आणि शेवटी चांगलीच फास्ट.

खरी गंमत गुडघ्यांत आहे. ते ताठ ठेवायचेच नाहीत, प्रत्येक ठोक्याला किंचित वाकून परत वर, त्यामुळे अख्खं अंग हलकं हलत राहतं. कंबरेपासून वरचा भाग थोडा पुढे झुकलेला आणि सैल, आणि पुष्कळ स्टेप्समध्ये ज्या बाजूचा पाय पुढे त्याच बाजूचा हात पुढे जातो, चालताना आपलं उलटं असतं म्हणून नवीन माणूस इथेच अडकतो. लांब बाह्या भिरकावतात ते हातांच्या जोरावर वाटतं, पण तो झोकही खालून पायातूनच वर येतो. पूर्व तिबेटच्या खाम भागातल्या बाथांगच्या नाचात या बाह्या सगळ्यात सुंदर दिसतात, साथीला पिवांग नावाचं तंतुवाद्य असतं.

तोशे पश्चिमेकडचा, ल्हात्से-डिंगरी भागातला, नंतर ल्हासात रुजला. यात पायच वाद्य होतात. ड्रान्येन वाजतं (सहा तारा, जोडीजोडीने लावलेल्या), आधी संथ गाणं, पावलं मोजकीच, मग लय वाढते आणि टाचा-चवडे आपटून तारांच्या सुरांमधल्या मोकळ्या जागा भरायच्या, आवाज घुमावा म्हणून कधी लाकडी फळीवर उभं राहून. घराच्या छताची आणि जमिनीची अर्गा माती बसवतानाही लोक असेच ओळीने गात ठोके देतात, म्हणजे ही लय कामातही मुरलेली आहे.

१९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले, त्याच वर्षी कालिम्पाँगला कलापथक उभं राहिलं, तेच आज धरमशालेतलं तिबेटी परफॉर्मिंग आर्ट्स इन्स्टिट्यूट. ल्हाकार चळवळीमुळे (दर बुधवारी आपली तिबेटी भाषा, वेश, संस्कृती जपायची) निर्वासित तरुण पोरं बुधवारी मुद्दाम जमून गोर्शे करतात, आणि ही खूप मोलाची गोष्ट आहे. महाराष्ट्रात तिबेटी वसाहत गोंदिया जिल्ह्यात, नोर्ग्येलिंगला आहे.