आधी अंदाज सांग, मग मोजू

ऑगस्टातल्या एखाद्या रात्री पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जिल्हाधिकाऱ्यांचं पत्र येऊन पडतं. रेड अलर्ट आहे, उद्या शाळांना सुट्टी. पोरं घरभर नाचतात. दुसऱ्या दिवशी नाशिकात बहुतेक वेळा दोहोंपैकी एक होतं. एक तर गंगेला, म्हणजे इथल्या गोदावरीला, पूर येतो, नाहीतर लख्ख ऊन पडतं. सुट्टी जाहीर झाली की पाऊस उघडतो, हा इथला जुना विनोद आहे. दोन्ही दिवस घरी शिकायला झकास. पण होतं असं की दहाच्या सुमारास वर्कशीटची पीडीएफ येते, एक मोबाइल आणि दोन मुलं अशी ओढाताण सुरू होते, आणि आईची सकाळ 'अक्षर नीट काढ, रेघेवर काढ' यात संपते.

घराची शाळा करून पाहण्याचा प्रयोग आपण सगळ्यांनी एकदा केला आहे. २०२० च्या मार्चमध्ये बंद झालेल्या शाळा पहिली ते चौथीच्या मुलांसाठी पुन्हा उघडायला २०२१ चा डिसेंबर उजाडला. त्या काळात आपण घरात फळा टांगला, वेळापत्रक लावलं, आणि पंधरा दिवसांत सगळेच वैतागलो. वैतागणारच. शाळेत जे होतं ते घरात होत नाही. सोबतीची मुलं नसतात, बाईंचा धाक नसतो. पण वर्गात सहसा न मिळणारी एक गोष्ट घरात मिळते. एका मुलाच्या उत्तराची वाट बघता येते. चाळीस मुलांच्या वर्गात बाई प्रत्येकाला 'तुला काय वाटतं?' विचारून थांबत बसल्या तर तास तिथेच संपेल. घरी थांबता येतं. म्हणून बंद शाळेच्या दिवसांसाठी माझा एकच आग्रह आहे. कोणतीही कृती करा, पण करण्याआधी मुलाकडून अंदाज वदवून घ्या आणि तो कागदावर लिहा.

पावसापासून सुरुवात करू. एक लिटरची सरळ अंगाची पाण्याची बाटली घ्या, खांद्यापाशी कापा आणि कापलेला गळा उलटा करून नरसाळ्यासारखा वर बसवा. कापण्याचं काम मोठ्यांनी करायचं. बाटलीचा बूड खडबडीत असतो, म्हणून तळाशी चार खडे टाकून बाजू सरळ होतात तिथपर्यंत पाणी भरा आणि तिथे शून्याची रेघ मारा. तिथून वर पट्टी चिकटवली की झालं पर्जन्यमापक. गच्चीवर मोकळ्या जागी ठेवायचा. पत्र्याची धार किंवा झाडाची गळती त्यात पडू द्यायची नाही. हवामान खातं दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतं, तर आपणही साडेआठलाच मोजू. मग पेपरातल्या आकड्याशी ताडून बघता येतं. फरक पडला तरी बिघडत नाही. सातपूरला झोडपून काढणारी सर पंचवटीत पोचतेच असं नाही. मोजून झालं की बाटली रोज रिकामी करून शून्यापर्यंत ताजं पाणी भरा. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत तयार होतो.

आता अंदाजाचा भाग. बाटलीशेजारी सरळ उभ्या कडांचा एक मोठा डबा ठेवा आणि विचारा, कशात पाणी जास्त उंच चढेल? मुलं डब्याकडे बोट दाखवतात, कारण त्याचं तोंड मोठं. काही जण बाटली म्हणतात, कारण ती अरुंद. मोठ्यांमध्येही याच दोन उत्तरांवरून वाद होतो, करून बघा. उत्तर आहे, दोन्हींत सारखंच. डब्याच्या तोंडात पाऊस जास्त पडतो, पण तो पसरायला तळही तेवढाच मोठा असतो. म्हणून तर पाऊस मिलिमीटरमध्ये सांगता येतो, भांडं कुठलं ते सांगावं लागत नाही. चौथीचं पोर असेल तर त्याला पुढे ढकला. बादली ठेवली तर? तिचं तोंड मोठं आणि बूड लहान, त्यामुळे पाणी मापापेक्षा उंच दिसेल.

याच चौथीवाल्यासाठी एक हिशेब आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. दहा फूट बाय दहा फूट गच्ची साधारण ९.३ चौरस मीटर भरते. रात्रीत ५० मिलिमीटर पाऊस झाला तर तेवढ्या गच्चीवर किती बादल्या पाणी पडलं? आधी अंदाज लिहू द्या. मुलं पाच म्हणतात, फार तर दहा. हिशेब येतो ४६५ लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या ३१ बादल्या. तो आकडा आला की मूल स्वतःच पन्हाळीखाली पिंप ठेवायची गोष्ट काढतं.

अंदाजावर एवढा भर का, याला आधार आहे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एमी स्टाल आणि लिसा फायगेनसन यांनी अकरा महिन्यांच्या बाळांवर केलेला प्रयोग २०१५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. काही बाळांना वस्तू भिंतीतून आरपार गेल्यासारखी दाखवली, काहींना ती आधाराशिवाय हवेत राहिल्यासारखी, आणि काहींना नेहमीसारखी, म्हणजे भिंतीला अडलेली किंवा फळीवर टेकलेली. अचंबा पाहिलेल्या बाळांनी त्या वस्तूबद्दलची नवी माहिती जास्त चांगली धरली. आणि हातात दिल्यावर त्यांनी केलं काय? भिंतीतून गेलेली वस्तू त्यांनी आपटून बघितली, हवेत राहिलेली खाली टाकून बघितली. ज्यांना बोलताही येत नाही ती बाळं आपला अंदाज कुठे चुकला ते तपासत होती. मेंदूच्या आतलं चित्रही याला जुळतं. वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या १९९० च्या दशकातल्या माकडांवरच्या प्रयोगांत डोपामाइन हे रसायन सोडणाऱ्या मेंदूतल्या पेशी अनपेक्षित फळरस मिळाला की जोरात चेतत. रस मिळणार हे आधीच कळलं असेल तर रसाला त्या थंड राहत, आणि ठरलेला रस आलाच नाही तर नेहमीपेक्षाही मंदावत. अपेक्षा आणि घडलेलं यांतला फरक ही मेंदूसाठी मोठी बातमी असते. मात्र त्यासाठी आधी अपेक्षा हवी. उत्तर आयतं हातात ठेवलं की 'हे तर मला माहीतच होतं' म्हणायला मन मोकळं. कागदावर लिहिलेला अंदाज ती पळवाट बंद करतो.

लहान मुलांचे अंदाज ऐकताना मात्र हसू दाबायची तयारी ठेवा. पहिलीतल्या भाचीसमोर मी दोन सारखे पेले पाण्याने भरले.

"दोन्हींत सारखंच आहे ना गं?"

"हो."

एका पेल्यातलं पाणी तिच्या डोळ्यांदेखत उंच, अरुंद काचेच्या ग्लासात ओतलं.

"आता?"

"ह्यात जास्त झालं, मामा."

"मग जास्तीचं पाणी आलं कुठून?"

तिने नळाकडे बघितलं. नळ बंद होता. मग वर माळ्याकडे बघितलं आणि ठामपणे म्हणाली, "वर ओतलं ना, म्हणून वाढलं."

भाची मठ्ठ नाही. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी हेच उत्तर कितीतरी मुलांकडून ऐकलं आणि त्यावरून सांगितलं की साधारण सात वर्षांच्या आतलं मूल उंची बघून प्रमाण ठरवतं. ओतल्याने पाणी बदलत नाही ही समज हळूहळू येते. पुढे १९७० च्या दशकात स्कॉटलंडमध्ये मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी यात एक मजेदार मेख मारली. त्यांनी सोंगट्यांच्या दोन सारख्या ओळी मांडल्या. मोठ्या माणसाने मुद्दाम एक ओळ पसरवून पुन्हा प्रश्न विचारला की बरीच मुलं 'हिच्यात जास्त' म्हणत. पण तीच ओळ एका खट्याळ टेडीने मध्येच येऊन विस्कटली, असं नाटक केलं की कितीतरी जास्त मुलं बरोबर उत्तर देत. म्हणजे काही मुलांचं गणित चुकत नव्हतं. मोठी माणसं तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारतायत, तर उत्तर बदलायचं असणार, असा त्यांचा साधा हिशेब होता. आपल्याकडे 'नक्की? बघ हं, विचार कर' हे आई-बाबांचं पेटंट वाक्य आहे. ते ऐकलं की मूल पाण्याकडे बघत नाही, आपल्या भुवईकडे बघतं. त्यापेक्षा गप्प बसा आणि तांब्या त्याच्या हातात द्या. ओतू दे परत, तीनदा ओतू दे. मधल्या वेळात फरशी पुसायला जुना पंचा जवळ असलेला बरा.

पूर आलेला असेल त्या दिवशी रामकुंडावर बघायला जायचं नाही. पूर घरात आणायचा. नाशिकात पुराचं माप म्हणजे गोदेच्या पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, छातीला आलं, या भाषेत अख्खं गाव बोलतं. त्याआधीच्या पिढ्या सरकारवाड्याच्या पायऱ्या आणि नारोशंकराच्या देवळाची घंटाही धरत. बादलीत एक बाहुला उभा करा. प्लॅस्टिकचा असेल तर तो आधी तरंगतो, पायाला दगड बांधावा लागतो. मग फुलपात्राने पाणी ओतायचं आणि मोजायचं. गुडघ्यापर्यंत किती फुलपात्री लागली ते झाल्यावर थांबा. आता गुडघ्यापासून तेवढंच अंतर वर चढायला किती लागतील? अंदाज येतो 'तेवढीच'. लागतात जास्त, कारण बादली वर रुंद होत जाते. नदीचं पात्रही तसंच, घाटावर पाणी पसरलं की प्रत्येक पुढच्या फुटाला आधीपेक्षा बरंच जास्त पाणी लागतं. म्हणून मारुतीच्या कमरेपासून छातीपर्यंतचं अंतर पायापासून गुडघ्यापर्यंतच्या अंतराइतकं दिसलं, तरी पुराच्या हिशेबात ते सारखं नसतं.

बातम्यांतला 'गंगापूर धरणातून विसर्ग' हाही मग नुसता आकडा राहत नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर. अंघोळीच्या जवळजवळ दोन बादल्या. दहा हजार क्युसेक सोडले असं सांगितलं तर प्रत्येक सेकंदाला २ लाख ८३ हजार लिटर. दहा हजार लिटरचे २८ टँकर सेकंदाला पुलाखालून जातायत. हे ऐकल्यावर तिसरीतला मुलगाही काठावर उभं राहायचा हट्ट सोडतो, असा अनुभव आहे.

ऊन पडलं तर गच्चीवर एक मीटरची काठी उभी करा. दोऱ्याला नट बांधून ओळंबा धरला की ती सरळ आहे का ते कळतं. सावलीच्या टोकाला दर दहा मिनिटांनी खडूची खूण करायची. प्रश्न असा की सर्वांत आखूड सावली किती वाजता पडेल? सगळे म्हणणार बारा. नाशिकला ती बाराला पडत नाही. आपलं घड्याळ, म्हणजे भारताची प्रमाणवेळ, ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि नाशिक साधारण ७३.८ अंशावर. सूर्याला एक अंश सरकायला चार मिनिटं लागतात, म्हणजे आपली दुपार सरासरी ३५ मिनिटं उशिरा होते. ऑगस्टच्या मध्याला त्यात आणखी चार-पाच मिनिटांची भर पडते आणि सर्वांत आखूड सावली १२ वाजून ४० मिनिटांच्या आसपास मिळते, एक मीटरच्या काठीला जेमतेम १० सेंटिमीटर, उत्तरेकडे. नाशिक २० अंश उत्तरेला असल्याने २० मेच्या सुमारास आणि पुन्हा २३-२४ जुलैला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि काठीची सावली नाहीशी होते. या दोन तारखांच्या मधल्या दिवसांत भर दुपारची सावली चक्क दक्षिणेला पडते. जुलैत ढगांमुळे हे दिसणं कठीण, मे महिन्यात मात्र सुट्टीच असते.

हळदीचे खेळ सगळ्यांना माहीत आहेत, फार सांगत नाही. हळदीच्या पाण्यात खायचा सोडा टाकला की लाल, लिंबू पिळलं की परत पिवळं. फक्त लिंबाच्या आधी थांबून विचारा, 'आता रंग कुठला?' पुष्कळ मुलं तिसराच रंग सांगतात, कारण मागे फिरता येतं हे त्यांच्या डोक्यात नसतं.

आता दुसऱ्या दिवसाचं काम, जे बहुतेक घरांत राहून जातं. वही न उघडता मुलाला कालचं सांगायला लावा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर दाखवून दिलं की पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर उतारा पुन्हा वाचणारे पुढे असतात, पण आठवड्याने घेतली तर न बघता आठवून लिहिलेले पुढे जातात. आठवणं हाच अभ्यास असतो. मुलाला त्याची परीक्षा वाटू नये, म्हणून ऐकणारं माणूस खरोखर अनभिज्ञ हवं. दिवसभर कामावर असलेले बाबा चालतील. त्याहून बरी इगतपुरीची मावशी. तिच्याकडेही तशीच बाटली ठेवायला सांगा आणि संध्याकाळी फोनवर आकडे अदलाबदल करू द्या.

इथे अंदाज हमखास फसतो. इगतपुरी जेमतेम ४५ किलोमीटरवर, म्हणजे पाऊस सारखाच असणार, असं मुलांना वाटतं. नाशिक शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, इगतपुरीला तीन हजारांच्या. समुद्रावरून आलेली ओली हवा सह्याद्री चढताना थंड होते आणि बरंचसं पाणी घाटमाथ्यावरच सोडते; पलीकडे उतरेपर्यंत तिच्यात फारसं उरत नाही, सिन्नरकडे त्याहून कमी. जोराच्या दिवशी मावशीची बाटली रात्रीतच भरून वाहील. तिला दिवसातून दोनदा मोजून बेरीज करायला सांगावं लागेल, आणि ती बेरीज भाचरांनीच करावी.