पार्श्वभूमी : वादळाला टिकणारं शटर, पण 'किती किलोमीटरचं?'

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका शटरवाल्याकडे यंदा दापोलीजवळच्या बंगल्याचं काम आलं. गिऱ्हाईक जुळे सोलापूरचं. दोन गाड्यांचं गॅरेज, सोळा फुटी एकच दार, समोर समुद्र. मुलगा फ्लोरिडात. त्याने फोनवर सांगितलं होतं, 'बाबा, इथे वादळाला टिकणारी दारं मिळतात, तसलंच लावा.' शटरवाल्याने साधा प्रश्न केला, 'किती किलोमीटरचं पाहिजे?' वडिलांनी मुलाला विचारलं, मुलाने मैलांत एक आकडा कळवला, तो किलोमीटरमध्ये करून शटरवाल्याला दिला, आणि तिथून जो घोळ सुरू झाला तो अजून मिटलेला नाही. घोळ त्या तिघांचा नाही. गेली तीस-पस्तीस वर्षं हा आकडाच सारखा अर्थ बदलतो आहे.

आपल्याकडचं शटर पट्ट्यांचं आणि गुंडाळणारं. तिकडचं दार चार-पाच आडव्या फळ्यांचं, बिजागऱ्यांनी जोडलेलं, कडेच्या चाकांवरून छताखाली सरकणारं. हा प्रकार १९२१ मध्ये डेट्रॉइटला निघाला, पाचेक वर्षांत त्याला मोटर लागली. त्यानंतर दीर्घकाळ सोय आणि शोभा एवढ्यावरच भर राहिला. आपल्या वाड्यांच्या दाराला आडवा अडसर असायचा, त्याची दोन्ही टोकं भिंतीतल्या खाचांत जायची. दारावरचा रेटा थेट भिंत घ्यायची. तिकडच्या सरकत्या दारात तो रेटा बोटाएवढ्या चाकांवर येतो, चाकं पातळ रुळात, आणि रूळ लाकडी चौकटीला मोजक्या स्क्रूंनी धरलेला.

याचा पहिला धडा ऑस्ट्रेलियात मिळाला. २५ डिसेंबर १९७४ च्या पहाटे ट्रेसी वादळाने डार्विन शहर जवळपास झोपवलं. तपासात दोन गोष्टी ठळक झाल्या. घराला कुठेही मोठी उघडीप पडली की आत शिरलेला वारा छत खालून उचलतो. आणि पत्रा तासन्तास हिंदकळत राहिला की खिळ्याभोवती चिरत जातो, मग तो कमी वाऱ्यातही निघतो. सोलापूरकरांना पहिली गोष्ट शिकवायला नको. एप्रिल-मे मध्ये वळीव उठला आणि वाऱ्याच्या तोंडचं शटर उघडं राहिलं, तर यंत्रमागाच्या शेडचे पत्रे शेजारच्या आवारात सापडतात. दुसरी गोष्ट मात्र आपल्या अनुभवातली नाही, कारण वळीव पाऊण तासात आटोपतो. समुद्री वादळ इथे पोचतं ते पाणी होऊन. १३ ऑक्टोबर २०२० ला काकिनाडाजवळ जमिनीवर चढलेल्या प्रणालीने दुसऱ्या दिवशी सोलापूर-पंढरपूर बुडवलं, पण तोवर तिच्या वाऱ्यातला जोर सरला होता. इथल्या शटरवाल्याच्या हातात जी सवय आहे ती झोताची आहे, तासन्तास चालणाऱ्या ढकला-ओढीची नाही.

खरी कलाटणी २४ ऑगस्ट १९९२ ची. अँड्र्यू वादळ मायामीच्या दक्षिणेला होमस्टेड भागावरून गेलं. नंतर पाहणी करणाऱ्यांना एकसारखं चित्र दिसत गेलं : दोन गाड्यांचं रुंद दार आत वाकलेलं, चाकं रुळातून निसटलेली, आणि त्याच घराचं छत गेलेलं. वरून वाऱ्याचा शोष, खालून आत घुसलेल्या हवेचा दाब, दोन्ही एकाच दिशेने. खिडक्यांना लोकांनी प्लायवूड ठोकलं होतं. घरातलं सगळ्यात मोठं भोक, म्हणजे गॅरेज, मात्र तसंच राहिलं होतं. अनेक विमा कंपन्या त्या हंगामाने बुडवल्या, आणि माझ्या मते पुढची कडक नियमावली अभियंत्यांपेक्षा त्या बुडालेल्या पैशांनी लिहून घेतली.

१९९४ पासून मायामी परिसरात दारं-खिडक्यांना चाचणीची सक्ती आली. सुमारे चार किलोचा, दोन-बाय-चारचा लाकडी वासा नळीतून ताशी ५५ किलोमीटर वेगाने दारावर मारायचा आणि त्यानंतर तेच दार आत-बाहेर पुन्हापुन्हा दाबायचं. देशभर चालणाऱ्या पद्धतीत हे दाबणं नऊ हजार वेळा होतं. १ मार्च २००२ ला अख्ख्या फ्लोरिडासाठी एक संहिता लागू झाली. मात्र राज्याच्या वायव्य किनाऱ्यावर उडत्या ढिगाऱ्याची अट, म्हणजे वासा मारायची ती चाचणी, समुद्रापासून फक्त एक मैलापुरती ठेवली गेली. घरं महाग होतील, हा मुद्दा तिथे चालला. २००४ मध्ये आयव्हन वादळाने तोच पट्टा झोडपला आणि २००७ मध्ये ती सवलत निघाली.

आता मूळ घोळाकडे. 'वाऱ्याचा वेग' हा शब्द ऐकायला एक आहे, पण निदान पाच वेगवेगळ्या गोष्टींना तो लावला जातो.

हवामान खातं चक्रीवादळाचा जो वेग सांगतं, तो आपल्याकडे तीन मिनिटांच्या सरासरीचा. अमेरिकेत एक मिनिटाच्या सरासरीचा. म्हणजे तेच वादळ तिकडच्या मोजमापात थोडं दांडगं दिसतं. इमारतींचे नियम मात्र दोन्ही देशांत आता तीन सेकंदांच्या झोतावर चालतात, तोही उघड्या माळावरचा, दहा मीटर उंचीवरचा. झोत सरासरीपेक्षा मोठाच असतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं तेव्हा ११० ते १२० किलोमीटर हा आकडा होता, सरासरीचा. तो ऐकून '१४० चं शटर म्हणजे भरपूर' असं म्हणणारा माणूस सरासरीची तुलना झोताशी करत असतो. भरपूर वाटणारी फट त्यात निम्मी-अधिक संपते.

मायामीच्या एकाच परगण्याची गोष्ट पाहा. अँड्र्यूपूर्वी तिथल्या नियमात १२० मैल होते, म्हणजे १९३ किलोमीटर. तेव्हाची रीत अशी की हवेचा एक मैल लांबीचा पट्टा यंत्रासमोरून जायला किती वेळ लागतो ते बघायचं. १२० मैल वेगाला तो वेळ तीस सेकंद, म्हणजे ती तीस सेकंदांची सरासरी झाली. १९९५ मध्ये राष्ट्रीय मानकाने रीत बदलून तीन सेकंदांचा झोत धरला. २००२ च्या संहितेत मायामीचा आकडा १४६ मैल झाला. मार्च २०१२ पासून तोच १७५ मैल, म्हणजे २८२ किलोमीटर. ऐकणाऱ्याला वाटतं, नियम किती कडक होत गेले! प्रत्यक्षात शेवटच्या उडीत सुरक्षेचा गुणक वेगाच्या आकड्यातच मिसळून टाकला होता. जुन्या भाषेत आणायचं तर १७५ ला ०.६ च्या वर्गमुळाने गुणायचं, उत्तर सुमारे १३६. म्हणजे निव्वळ वेगाच्या हिशेबात मागणी १४६ वरून खाली आली, आणि जाहिरातींत ती वर चढली. २०११ चं दार आणि २०१३ चं दार एकाच कारखान्यातलं, एकाच पत्र्याचं असूनही त्यांवरचे आकडे वेगळे. दापोलीच्या बंगल्याला कळवलेला आकडा १७५ चाच होता.

तांत्रिक समित्यांना हा बदल सोयीचा वाटला असेल, गणित सरळ झालं हेही खरं. पण दार विकत घेणाऱ्याची त्यांनी पंचाईत केली, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि खुद्द अँड्र्यूचा वेग? तो दहा वर्षांनी, २००२ मध्ये फेरतपासणीत वाढवला गेला, १४५ मैलांवरून १६५. वादळ चौथ्या श्रेणीतून पाचव्या श्रेणीत गेलं. उडालेली छतं होती तेवढीच.

दाराला वेग कळत नाही, त्याला दाब कळतो. मीटर प्रति सेकंदातल्या वेगाचा वर्ग करून त्याला ०.६ ने गुणलं की चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये येतो, हे आपल्या आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या, वाऱ्याबद्दलच्या भागातलं सूत्र. पुण्याचा मूळ वेग ३९, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ९३ किलो. मुंबईचा ४४, म्हणजे ११८ किलो. चेन्नई, भुवनेश्वर, विशाखापट्टणम ५०, म्हणजे १५३ किलो. वेग ३९ चा ५० झाला की माणूस 'सव्वापट' म्हणतो, दाब मात्र दीडपटीच्याही पुढे जातो. सोळा बाय सात फुटांच्या दाराचं क्षेत्र साधारण साडेदहा चौरस मीटर. ५० च्या वेगाला त्यावर दीड टनाहून जास्त रेटा. घराची जागा, उंची, दाराचा कोपरा यांनी हा हिशेब पुढे बदलतो, पण आवाका हाच. म्हणून फ्लोरिडातल्या दारावर चिकटवलेल्या लेबलवर बघायचे आकडे दोन, एक अधिकचा आणि एक उण्याचा. आत ढकलणारा दाब आणि बाहेर ओढणारा. चौरस फुटाला पौंडात ते दिलेले असतात, ४.८८ ने गुणलं की चौरस मीटरला किलो मिळतात. चाचणीत दार याच्या दीडपट दाबलेलं असतं. आणि हे आकडे त्या रुंदीपुरतेच. नऊ फुटी दार पास झालं म्हणून त्याच कंपनीचं सोळा फुटी पास होत नाही.

भारतात हा विषय घराच्या दारापर्यंत आलेलाच नाही. १९८७ च्या याच वारामानकाची २०१५ मध्ये नवी आवृत्ती निघाली, त्यात चक्रीवादळासाठी वेगळा गुणक आला : वादळानंतर चालू राहिल्याच पाहिजेत अशा इमारतींना १.३०, औद्योगिक इमारतींना १.१५, बाकीच्यांना १. पट्टा साठ किलोमीटरचा, पूर्व किनाऱ्यावर आणि गुजरातच्या किनाऱ्यावर. कोकण त्यात नाही. २००९ चं फयान अलिबाग-मुंबईच्या दरम्यान येऊन गेलेलं असताना ही रेघ गुजरातपाशी थांबली. पश्चिम किनाऱ्यावर तीव्र वादळं कमी, हे तेव्हाच्या नोंदींना धरूनच होतं. निसर्ग आणि वर्षभरात आलेलं तौक्ते यांनंतर ते तसंच ठेवणं मला पटत नाही. पण कोकण पट्ट्यात असतं तरी साध्या घराचा गुणक १ च, त्यामुळे दापोलीच्या बंगल्याचा कागदोपत्री फरक शून्य.

शटरपुरतं बोलायचं तर आपल्याकडचे सरकारी कामाचे तपशील रुंदी साडेतीन मीटरच्या पुढे गेली की जाड पट्टी मागतात. त्याच्या आत ०.९० मिलिमीटर चालते. गाईडची, म्हणजे कडेच्या खोबणीची, खोलीही ६५ वरून ७५ मिलिमीटर होते. सोळा फूट म्हणजे ४.८८ मीटर, तेव्हा गावात दुकानाला लावतो तीच पट्टी इथे मुळातच कमी. पण जाडीने सगळं भागत नाही. वाऱ्याने शटर पोटात वाकतं, वाकलं की रुंदीला आखडतं, आणि पट्टीची टोकं गाईडमधून सुळकन बाहेर येतात. ऑस्ट्रेलियात २००६ चं लॅरी आणि २०११ चं यासी या वादळांत गुंडाळणारी दारं मोठ्या संख्येने गेली. उपाय म्हणून टोकांना हुक लावतात, ते गाईडच्या आतल्या ओठात अडकतात. मग शटर झोळीसारखं ताणून धरलं जातं आणि निसटत नाही.

ती ओढ मात्र गाईडवर जाते, गाईडवरून बोल्टवर, बोल्टवरून भिंतीवर. कोकणात भिंत चिऱ्याची. चिऱ्यात फास्टनर ठोकला की तो धरल्यासारखा वाटतो आणि ओढला की भुशासकट येतो. शटरवाल्याने अखेर कोटेशनमध्ये वेगाचा रकाना कोरा ठेवला. खाली लिहिलं : दोन्ही बाजूंना आरसीसी कॉलम, गाईड कॉलममध्ये आधी गाडलेल्या प्लेटला वेल्डिंग, सगळं लोखंड जस्ताचं पाणी दिलेलं, दार सोळा फुटी एक नको, मधे खांब देऊन आठ-आठची दोन. गिऱ्हाईक खांबाला तयार नाही. गाडी वळवताना आडवा येतो म्हणे.