खर्ऱ्याने जंत मरतात का?

नागपुरात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचे मिश्रण, घोटून होईपर्यंत पानठेल्यावर वैद्यकशास्त्राचे बरेच धडे फुकटात मिळतात. त्यातला एक ठरलेला : ‘खर्रा खाणाऱ्याच्या पोटात जंत टिकत नाही, भाऊ.’ हे हसण्यावारी नेण्याआधी आका लोकांकडे पाहू.

मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातल्या जंगलात राहणारे हे शिकारी-संकलक. पुरुष तंबाखू ओढण्याचे शौकीन, पोटात जंत उदंड आणि दुकानातली औषधे जवळजवळ नाहीतच. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २०६ पुरुषांची लाळ आणि विष्ठा तपासली गेली. तंबाखूतल्या निकोटिनपासून शरीरात कोटिनिन बनते. ज्यांच्या लाळेत ते जास्त, त्यांच्या विष्ठेत जंतांची अंडी कमी निघाली. पुढचे तर अधिकच मजेशीर : अल्बेंडाझोल हे जंतांचे औषध दिलेल्यांचे कोटिनिन दोन आठवड्यांनी, नकली गोळी घेतलेल्यांच्या तुलनेत, घटलेले दिसले. जंत गेल्यावर शरीराची तंबाखूची ओढच कमी होत असेल का?

आता जंताच्या स्नायूत शिरू. तिथे अ‍ॅसिटिलकोलिन नावाच्या निरोप्यासाठी ग्राहक-प्रथिने असतात. निरोप्या चिकटला की त्यांची दारे उघडतात, सोडियमचे आयन आत घुसतात, स्नायू आकसतो. मग एक विकर (एन्झाइम) निरोप्याला तोडते आणि स्नायू सैल पडतो. निकोटिन त्याच जागी चिकटते, पण हे विकर त्याला तोडू शकत नाही. स्नायू आकसलेलाच राहतो, जंत लुळा पडतो आणि आतड्याची हालचाल त्याला बाहेर ढकलते. लेव्हामिसोल, पायरँटेल ही औषधेही याच ग्राहकांवर काम करतात. फक्त ती जंताचे ग्राहक आणि आपले ग्राहक यांत बऱ्यापैकी फरक करतात. निकोटिन तसा भेदभाव करत नाही. आपल्या मेंदूतल्या ग्राहकांनाही ते चिकटते, आणि व्यसन तिथूनच लागते.

याला लगेच ‘हजारो वर्षांचे आदिवासी ज्ञान’ म्हणणाऱ्यांनी जरा थांबावे. तंबाखू मूळची अमेरिकेची. आफ्रिकेत ती कोलंबसानंतर पोचली. शिवाय आका जंतांवर औषध म्हणून मोटुंगा नावाच्या स्थानिक वनस्पतीचा काढा घेतात. तंबाखू ओढतात ती हौसेने.

आणि अभ्यास होता धुराचा, खर्ऱ्याचा नव्हे. खर्ऱ्यात सुपारीही असते. तिने तोंडाच्या आतली त्वचा ताठरते, तोंड उघडेनासे होते, पुढे कर्करोगाचा धोका. जंतांसाठी १० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी मुलांना मोफत मिळते. मोठ्यांसाठी ती औषधाच्या दुकानात आहे, आणि खर्ऱ्याइतकीही महाग नाही.