ओख्याचे प्रवाळ आणि बडोद्याचा दरबार

सुट्टीत मालवण गाठायचं, होडीने सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला जायचं आणि मास्क-नळी लावून पाण्यात डोकं घालायचं, हा बेत बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मराठी घरांना आता नवा नाही. पण प्रवाळांचा एक समुद्र खुद्द बडोदे संस्थानाच्याच हद्दीत होता, हे फारसं कुणाच्या बोलण्यात येत नाही.

द्वारका, बेट द्वारका आणि ओखा मिळून झालेलं ओखामंडळ गायकवाडांकडे होतं. सयाजीराव महाराजांच्या काळात दरबाराने तिथला समुद्र तपासण्याचं काम जेम्स हॉर्नेल यांच्याकडे सोपवलं. हा माणूस सिलोनच्या मोत्यांच्या पाहणीतून तयार झालेला. हेतू उघड होता: मोती, शंख, मासळी यांतून संस्थानाला उत्पन्न किती? मोत्यांची हौस गायकवाडी जुनीच. खंडेरावांची मोत्यांची चादर प्रसिद्ध आहे, पण ते मोती आखाती, बसऱ्याकडचे. ओखामंडळाच्या सागरी जीवांवरचा अहवाल १९०९ आणि १९१६ असा दोन भागांत निघाला. मोत्यांचा हिशेब मागे पडला, तिथल्या जीवांची शास्त्रीय नोंद मात्र उरली. माझ्या मते दरबाराचा तो पैसा तिथेच वसूल झाला. पुढे १९२६ मध्ये ओखा बंदर सुरू झालं.

स्वातंत्र्यानंतर ओखामंडळाला लागून असलेल्या कच्छच्या आखातातली प्रवाळयुक्त वाळू सिमेंटसाठी उपसली जाऊ लागली. मग १९८० मध्ये जामनगरच्या किनाऱ्याला सागरी अभयारण्य आणि १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान आलं, देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान.

तरी इथे होडीने जाऊन स्नॉर्केलिंग करण्याची रीत फारशी रुजली नाही, आणि त्याला कारण पाणीच आहे. आखातात भरती-ओहोटीचा फरक कित्येक मीटरांचा, प्रवाहाला ओढ जबर, गाळाने पाणी गढूळ. तेच पाणी ओसरलं की खडक उघडे पडतात. म्हणून याच किनाऱ्यावरच्या नराऱ्याला लोक चालत जातात आणि गुडघाभर पाण्यात प्रवाळ, ऑक्टोपस, तारामासे बघतात. तिथे वेळ ठरवते ती ओहोटी. उशीर झाला की दिवस गेला. मात्र जिवंत प्रवाळावर पाय पडला तर तो मरतो, आणि गर्दीत हे कोण बघतं?

पाण्यात उतरून पाहायची हौस असलेला बडोदेकर त्यामुळे मालवण, लक्षद्वीप किंवा अंदमानकडे वळला. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं. कुठेही जा, कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आठवण म्हणून तुकडा पिशवीत टाकणं हा गुन्हा आहे.