वैडूर्य

वैडूर्य (वैदूर्य) : नवरत्नांपैकी केतूचे मानले जाणारे रत्न. मराठीत त्याला लसण्या म्हणतात. लसणीच्या पाकळीशी जुळणाऱ्या छटेवरून हे नाव पडले. लसण्या म्हणजे क्रिसोबेरिल या खनिजाचा एक प्रकार. त्यातल्या सुईसारख्या बारीक, समांतर तंतूंवरून प्रकाश परावर्तित झाला की खड्यावर मांजराच्या डोळ्यासारखी उभी रेघ सरकताना दिसते.

प्राचीन ग्रंथांतले वैडूर्य मात्र बहुधा वेगळे होते. दीघनिकाय या पाली बौद्ध ग्रंथात ‘वेळुरिय’ मण्याचे वर्णन आहे : आठ पैलूंचा, स्वच्छ, आणि आत ओवलेला निळा, पिवळा, तांबडा किंवा पांढरा धागा बाहेरून दिसावा इतका पारदर्शक. हे वर्णन लसण्याला लागू पडत नाही, बेरिल या निराळ्या खनिजाला चपखल बसते. म्हणून जुन्या ग्रंथातल्या प्रत्येक वैडूर्याचा अर्थ डोळे झाकून लसण्या करू नये.

व्युत्पत्तीचा वाद फार जुना आहे. पाणिनीने ‘विदूराञ्ञ्यः’ (४.३.८४) या सूत्रात विदूर या स्थळनामावरून शब्द साधला. त्यावर महाभाष्यात, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणावरील पतंजलीच्या भाष्यात, आक्षेप येतो : हा मणी निघतो वालवाय पर्वतात, विदूरात त्याच्यावर फक्त संस्कार होतात. पतंजलीने दिलेले एक उत्तर मोठे मार्मिक आहे. व्यापारी जसे वाराणसीला ‘जित्वरी’ म्हणतात, तसे वैयाकरण वालवायालाच विदूर म्हणत असतील! आधुनिक अभ्यासकांपैकी काहींना शब्दाचे मूळ द्राविडी वाटते, आणि ते दक्षिणेतल्या वेळूर किंवा बेलूर अशा गावनावांकडे बोट दाखवतात. तमिळनाडूतील पडियूर येथे बेरिलची जुनी खाण होती, हे इथे लक्षात घ्यावे.

व्यापाराबरोबर नाव दूरवर गेले. प्राकृत ‘वेरुलिय’पासून ग्रीक ‘बेरिल्लोस’ आला असे मानतात. बेरिल बहुतेक भारतातच सापडते, असे रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात नोंदवले. मध्ययुगात बेरिलची भिंगे घडवत, त्यावरून जर्मनमध्ये चष्म्याला ‘ब्रिले’ म्हणू लागले. १७९८ मध्ये वोक्लँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला याच खनिजात नवे मूलद्रव्य आढळले. पुढे त्याचे नाव बेरिलियम झाले. पूर्वेकडे चिनी ‘लिउली’ हा शब्द काचेसाठी रूढ झाला, तर तिबेटी परंपरेत वैडूर्य म्हणजे लाजवर्द हा निळा खडा. आपल्या ‘बिलोरी’ आरशातला फारसी बिलोरही याच कुळातला समजला जातो.

पाचू हा रासायनिकदृष्ट्या हिरवा बेरिलच; त्याचे मरकत हे नाव वेगळ्या वाटेने आलेले आहे.