कन्व्हर्ट आणि मॉग्रिफाय: फरक फॉरमॅटचा नाही, फाइल कुठे जाते याचा

इमेजमॅजिक (कमांड लिहून फोटोंवर काम करायचं सॉफ्टवेअर) वापरायला लागलं की कन्व्हर्ट आणि मॉग्रिफाय या दोन कमांडची गल्लत हटकून होते, आणि दोष नावांचा आहे. कन्व्हर्ट म्हटलं की वाटतं, हिचं काम फॉरमॅट बदलणं. मॉग्रिफाय म्हणजे काटछाट करणारी. प्रत्यक्षात दोन्ही दोन्ही कामं करतात. फोटो लहान करणं, फिरवणं, कापणं, जेपीजीचं पीएनजी करणं, पर्यायांची नावंही बहुतेक तीच. खरा प्रश्न एकच: तयार झालेलं चित्र लिहिलं कुठे जातं?

कन्व्हर्टला शेवटी नव्या फाइलचं नाव द्यावं लागतं. नाव वेगळं दिलंत की मूळ फोटो जागच्या जागी राहतो. मॉग्रिफाय नाव विचारतच नाही. ती मूळ फाइलवरच लिहिते. ४००० पिक्सेल रुंदीचा फोटो तिच्याकडून ८०० चा करून घेतला, की ते ४००० पिक्सेल गेले. इथे रीसायकल बिन नसतो, अनडू नसतं. मी स्वतः एका फोल्डरमधले सगळे फोटो असेच घालवले आहेत. तेव्हापासून आधी कॉपी, मग मॉग्रिफाय.

यातून सुटायचे दोन मार्ग तिच्यातच आहेत. पाथ हा पर्याय देऊन दुसरं फोल्डर सांगितलं, की नव्या फाइली तिथे जातात (ते फोल्डर आधी तयार हवं). किंवा फॉरमॅट पर्यायाने जेपीजीचं पीएनजी करायला सांगितलं, की पीएनजी शेजारी तयार होतात आणि जेपीजी शाबूत राहतात. फॉरमॅट तोच दिलात, तर मात्र पुन्हा मूळ फाइलवरच लिहिलं जाईल.

मग मॉग्रिफाय वापरायचीच कशाला? शंभर फोटोंसाठी. ती एकेक फोटो उचलते, काम करते, खाली ठेवते. कन्व्हर्ट दिलेले सगळे फोटो एकदम मेमरीत घेते. १२ मेगापिक्सेलचा एक फोटो, पिक्सेलमागे ८ बाइट धरले तरी, ९६ एमबी जागा घेतो. शंभरांचा हिशेब तुम्हीच करा. पण चार चित्रं शेजारी शेजारी जोडायची असतील किंवा सगळ्यांची एक पीडीएफ करायची असेल, तर कन्व्हर्टच हवी, कारण तिच्यासमोर सगळी चित्रं एकत्र असतात.

सातव्या आवृत्तीपासून कन्व्हर्टची जागा मॅजिक या कमांडने घेतली आहे. विंडोजवाल्यांची त्यामुळे मोठी सोय झाली, कारण तिथे कन्व्हर्ट नावाची वेगळीच कमांड आधीपासून आहे, ड्राइव्हवर फाइली साठवायची फॅट ही जुनी पद्धत बदलून एनटीएफएस ही नवी करणारी.

एक सापळा दोन्हींकडे सारखाच आहे. ‘मोठा असेल तरच लहान कर’ हे सांगायला मापाच्या शेवटी ‘मोठे’चं चिन्ह (>) लावतात: ८००x८००>. लिनक्सवर ते अवतरणचिन्हांत घातलं नाही, तर शेल (आपण टाइप केलेली कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) त्याचा अर्थ ‘आउटपुट पुढच्या फाइलमध्ये लिही’ असा घेतं. पुढे फोटोचं नाव असेल, तर कमांड सुरू होण्याआधीच तो फोटो शून्य बाइटचा झालेला असतो.