जंताची गाठ आणि मेनिन्जिओमा: दोन्ही 'डोक्यातली गाठ', पण एकाचा इलाज दुसऱ्याला चालत नाही

एकाच्या रिपोर्टवर 'रिंग एन्हान्सिंग लीजन', म्हणजे कड्यासारखी उजळणारी गाठ, लिहिलेलं असतंय, दुसऱ्याच्या रिपोर्टवर 'मेनिन्जिओमा', पण घरी फोन लावला की दोघांचेही नातेवाईक एकच सांगतात, डोक्यात गाठ निघाली. आणि मग अख्ख्या भावकीतून सल्ले सुरू. एक म्हणतो आमच्या साडूची गाठ गोळ्यांनी विरघळली, तुम्ही कवटी कामून फोडायलेत. दुसरा म्हणतो गोळ्या-बिळ्या सोडा, सरळ हैदराबादला न्या नाहीतर पुण्याला, काढूनच टाका. दोघंही खोटं बोलत नसतात बरं का, साडूची खरंच विरघळलेली असते आणि त्या दुसऱ्याच्या मावशीची खरंच काढलेली असते, फक्त साडूला एक झालेलं असतं आणि मावशीला दुसरंच.

मी लातूरला एका स्कॅन सेंटरच्या काउंटरवर बसतो. डॉक्टर नाही, रिपोर्टचा अर्थ सांगायची मला परवानगी पण नाही, तरी रोज कुणीतरी पाकीट पुढं करतंच, 'दादा, कॅन्सर आहे का जरा बघा की'. तिथं बोलता येत नाही म्हणून इथं सविस्तर लिहायलोय.

पहिली गोष्ट, या दोन्ही गाठी बहुतेक वेळा कॅन्सर नसतात. मेनिन्जिओमा हा ट्यूमर आहे पण बहुतेक वेळा बिनाइन, म्हणजे साधा, हळू वाढणारा, शरीरात दुसरीकडं न पसरणारा. आणि जंताची गाठ तर ट्यूमरच नाही, ते इन्फेक्शन आहे. डॉक्टर त्याला न्यूरोसिस्टिसर्कोसिस म्हणतात, चिठ्ठीवर नुसतं एनसीसी लिहितात.

आधी जंताचं सांगतो कारण त्याच्याबद्दल लई गैरसमज आहेत. आमच्याकडं माळकरी घरातल्या लेकराला हे निघालं की घरचे रिपोर्टवरच संशय घेतात, म्हणे आम्ही अंडं सुद्धा खात नाही, डुकराचा जंत आमच्या लेकराच्या डोक्यात कसा जाईल. तर तो असा जातो. टीनिया सोलियम नावाचा पट्टकृमी आहे. कच्चं-अर्धकच्चं डुकराचं मटण खाल्लं की माणसाच्या आतड्यात हा लांबलचक जंत वाढतो, आतड्यातच राहतो, त्याची अंडी त्या माणसाच्या संडासवाटे बाहेर पडतात. मटण खाण्याचा संबंध एवढाच. पुढं तो माणूस उघड्यावर बसला, किंवा हात नीट न धुता त्यानं दुसऱ्याला जेवण वाढलं, किंवा नाल्याच्या घाण पाण्यावर भाजीपाला पिकवला, की ती अंडी दुसऱ्याच्या पोटात जातात. दुसरा शाकाहारी असला काय नसला काय, अंड्याला काही फरक पडत नाही. अंडी पोटात फुटतात, बारीक अळी आतड्याची भिंत ओलांडून रक्तात शिरते आणि रक्ताबरोबर मेंदूत, स्नायूत, कधी कधी डोळ्यात जाऊन पाण्याची पिशवी करून बसते.

आणि पत्ताकोबीचं जे पसरलंय ना, की कोबीतली अळी डोक्यात जाते, ते जसंच्या तसं खरं नाही. कोबीत जी हिरवी अळी दिसते ती वेगळ्याच किड्याची, ती मेंदूत-बिंदूत जात नाही. घाण पाण्याची अंडी कोबीवरही असू शकतात तशीच कोथिंबिरीवर, मेथीवर, पातीच्या कांद्यावर असू शकतात, आणि ती डोळ्याला दिसत नाहीत. भाकरीबरोबर कच्ची मेथी खायची आपली सवय काही सुटणार नाही, पण वाहत्या पाण्याखाली दोन-तीनदा खळखळून धुवा एवढं तर करता येतं. आणि घरात एकाला एनसीसी निघालं तर बाकीच्यांची संडासची तपासणी करायला डॉक्टरांना विचारा, कारण जंत पोटात असलेला माणूस कधी कधी त्याच घरात असतो आणि त्याला स्वतःला काहीच त्रास नसतो.

आता यातली मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट. ही पिशवी जिवंत असते तोवर बऱ्याचदा काहीच होत नाही, वर्षानुवर्षं गुपचूप पडून असते. त्रास सुरू होतो तो जंत मरायला लागल्यावर. तोपर्यंत शरीराला नीट पत्ता नसतो, तो मरायला लागला की शरीर त्याच्यावर तुटून पडतं, आजूबाजूला सूज येते, आणि काल कॉलेजला गेलेलं पोरगं आज फिट येऊन पडतं. म्हणजे पहिली फिट येते तेव्हा जंत बऱ्याचदा आधीच मरायच्या वाटेवर असतो. म्हणूनच ही गाठ पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप आटते.

मेनिन्जिओमाची चाल एकदम उलटी. मेंदूवर पातळ आवरणं असतात, त्या आवरणाच्या पेशींतून ही गाठ उगवते, म्हणजे मेंदूच्या आत नाही, बाहेरून मेंदूला दाबत बसते. १९२२ साली हार्वी कुशिंग या अमेरिकन सर्जननं हे नाव दिलं. डोक्यातच सुरू होणाऱ्या ट्यूमरमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा हाच, पन्नाशी-साठीनंतर जास्त आणि बायकांत पुरुषांपेक्षा साधारण दुप्पट. साधारण ८० टक्के मेनिन्जिओमा ग्रेड १ चे म्हणजे सगळ्यात सौम्य असतात आणि कित्येक गाठी वर्षाला एक-दोन मिलिमीटरच्या वर वाढत नाहीत.

हे हळू वाढणंच घात करतं. अचानक काही होत नाही म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. कपाळामागं गाठ असली की माणसाचा स्वभाव बदलतो, आजी गप्प गप्प राहायला लागतात, साडी नीट नेसायचं भान राहत नाही, देवपूजेत मन नाही, आणि घरचे म्हणतात वय झालं आता. नाकाच्या वरच्या बाजूला असली तर वास जातो, फोडणी करपून घरभर धूर झाला तरी चुलीपुढच्या बाईला कळत नाही. नजरेच्या नसेवर दाब आला तर दिसायला कमी, मग मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, तरी फरक नाही, मग कुठं स्कॅन. एका पायात हळूहळू ताकद कमी झाली तर वर्ष-वर्ष गुडघ्याचे, कमरेचे औषधं चालू असतात. सकाळी उठल्यावर जास्त दुखणारं डोकं, सोबत उलटी, हे दाब वाढल्याचं लक्षण, तिथं मात्र थांबू नका. फिट यातही येते, म्हणूनच तर घोळ होतो.

बिनाइन म्हणलं की लोक निवांत होतात, तेही बरोबर नाही. कवटीत रिकामी जागा नसते, साधी गाठ पण चुकीच्या जागी बसली तर नजर नेते, हातपाय नेते. ती आहे कुठं आणि केवढी, सगळं त्यावर.

कारणांचं विचाराल तर जंताचं कारण वर सांगितलं तसं स्पष्ट आहे. मेनिन्जिओमाचं बहुतेकांत नेमकं कारण सापडत नाही. लहानपणी डोक्याला रेडिएशन मिळालेलं असेल तर धोका वाढतो हे पक्कं माहीत आहे, इस्राएलमध्ये १९५० च्या आसपास डोक्याला गजकर्ण झालेल्या हजारो लेकरांना एक्स-रेचा शेक दिला होता आणि पुढं काही दशकांनी त्यांच्यात मेनिन्जिओमा जास्त निघाले. एनएफ-२ नावाचा एक जनुकीय आजार आहे त्यात होतात. हार्मोनचाही संबंध आहे, २०२४ साली फ्रान्समधल्या मोठ्या अभ्यासात मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनचं इंजेक्शन वर्षापेक्षा जास्त काळ घेणाऱ्या बायकांत ऑपरेशन लागणारा मेनिन्जिओमा जास्त दिसला. आपल्या सरकारी दवाखान्यात दर तीन महिन्याला पाळणा लांबवायचं जे 'अंतरा' इंजेक्शन देतात ते हेच औषध. वाचून घाबरून बंद करू नका, एकेकीचा धोका तरीही फार कमीच असतो, पण मेनिन्जिओमा निघालेल्या बाईनं डॉक्टरला हे इंजेक्शन घेते म्हणून जरूर सांगावं. मोबाइलमुळं होतो असं सिद्ध झालेलं नाही. आणि करणी-भानामती दोन्हीतही नाही, फिट आली की चप्पल-कांदा हुंगवायचं आता तरी सोडा, कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, पाच मिनिटाच्या वर चालली तर गाडी काढा.

आता स्कॅनवर फरक कसा दिसतो ते. साध्या सीटीवर दोन्ही निसटू शकतात, नुसती सूज दिसते किंवा तेवढीही नाही. म्हणून डॉक्टर सुई देऊन, म्हणजे कॉन्ट्रास्टचा स्कॅन सांगतात आणि शक्यतो एमआरआय. आमच्याकडं आधी क्रिएटिनिनचा रिपोर्ट मागतात तो किडनीसाठी, त्यावर लोक लई भांडतात, पण तो लागतो. कॉन्ट्रास्ट गेल्यावर जंताची गाठ बहुतेक वेळा छोटं कडं दिसते, मध्ये काळं, कडेला उजळ, हरभऱ्याएवढी, भोवती सूज. कधी कड्याच्या आत एका बाजूला ठिपका दिसतो, ते जंताचं डोकं, आणि ते दिसलं की डॉक्टरांचं काम सोपं होतं. मेनिन्जिओमा कड्यासारखा नाही, तो अख्खाच एकसारखा उजळतो, रुंद बुडानं आवरणाला चिकटलेला, कडेनं आवरणावर शेपटीसारखी रेघ, काही वेळा वरचं हाड पण जाड झालेलं.

मधे तिसरा एक पाहुणा असतो, टीबीची गाठ. ती पण कड्यासारखीच दिसते आणि आपल्याकडं टीबी काही कमी नाही. सीटी स्कॅन नवीन आले तेव्हा भारतात फिटच्या पेशंटमध्ये अशी बारीक कडी दिसायची आणि टीबीच समजून महिनोन्महिने टीबीच्या गोळ्या चालायच्या. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अशा गाठी काढून तपासल्या, १९८९ साली लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात छापलं, की यातल्या बहुतेक जंताच्या आहेत. त्यांनी घालून दिलेला ठोकताळा आजही वापरतात, गाठ एकच, २० मिलिमीटरपेक्षा मोठी नाही, डोक्यातला दाब वाढलेला नाही, हातापायाची ताकद दिवसेंदिवस कमी होत नाही, तर ती बहुधा जंताची. टीबीची गाठ सहसा याहून मोठी, ओबडधोबड, आणि छातीच्या एक्स-रेत किंवा इतर तपासण्यांत टीबीचा माग लागू शकतो.

वयाचं भान मात्र ठेवा. विशीतल्या पोराला एक बारीक कडं, ठीक आहे. पण साठीच्या, आयुष्यभर बिडी ओढलेल्या माणसाला पहिल्यांदा फिट येऊन कडं दिसलं तर जंताचंच असेल म्हणून घरी बसू नका, दुसरीकडचा कॅन्सर डोक्यात आला की तोही असाच दिसू शकतो, छाती तपासल्याशिवाय सोडू नका.

इलाजात दोन्ही वाटा पार फुटतात. जंताला फिटच्या गोळ्या, सूज उतरवायला स्टेरॉइड, आणि डॉक्टरला वाटलं तर अल्बेंडाझोलचा कोर्स. ही तीच गोळी जी शाळेत जंतनाशक दिनाला देतात, म्हणून लोक मेडिकलवरून आणून स्वतःच खातात, हे करूच नका. मेंदूतले जंत एकदम मारले तर सूज भडकते, फिटा वाढतात, आणि डोळ्यात जंत असेल तर नजर जाऊ शकते, म्हणून आधी डोळ्याचा पडदा तपासतात आणि आधी स्टेरॉइड सुरू करतात. काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन, गाठ गेली तर फिटच्या गोळ्या हळूहळू कमी, तिथं चुन्याचा ठिपका राहिला तर गोळ्या जास्त दिवस.

मेनिन्जिओमा अल्बेंडाझोलनं तर नाहीच पण कुठल्याही गोळीनं विरघळत नाही, काढ्यानं नाही, बाबाच्या पुडीनं नाही. लहान असेल, त्रास नसेल, दुसऱ्याच कशासाठी स्कॅन काढताना सापडला असेल तर नुसतं लक्ष ठेवतात, सहा महिन्यांनी आणि मग वर्षाला एमआरआय. हा इलाज लोकांना पटत नाही, 'गाठ आहे आणि काहीच करायचं नाही?' म्हणून दुसरा डॉक्टर गाठतात, पण सत्तरीच्या आजीला तोच योग्य असू शकतो. वाढायला लागला, त्रास व्हायला लागला तर ऑपरेशन, जागा अवघड आणि गाठ छोटी असेल तर गामा नाइफसारखं नेमकं रेडिएशन. ऑपरेशन सरकारी आरोग्य योजनेत बसतंय का ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा, ॲडमिट झाल्यावर पळापळ नको.

एक फसवी गोष्ट सांगतो. स्टेरॉइड दिलं की डोकं दुखायचं दोन्हीत कमी होतं कारण सूज दोन्हीत उतरते. पेशंट हसायला लागला म्हणजे निदान बरोबर असं नाही. जंताच्या गाठीनं पुढच्या स्कॅनला आटायला पाहिजे, तशीच राहिली किंवा वाढली तर डॉक्टरांना निदान पुन्हा बघावं लागतं, आणि त्यासाठी पहिली फिल्म आणि सीडी लागते, नुसता कागदी रिपोर्ट नाही. लोक फिल्म माळ्यावर टाकतात, उंदीर खातात, मग जुन्या गाठीशी तुलना कशी करणार.

आणि एका बाबतीत दोन्ही गाठींचा नियम सारखाच. फिट येऊन गेली असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत बाइक नाही, ट्रॅक्टर नाही, विहिरीत पोहणं नाही, कडबा कुट्टीजवळ जाणं नाही, एकट्यानं चुलीपुढं बसणं नाही, आणि गोळ्या संपायच्या दोन दिवस आधी नव्या आणायच्या, कारण एकदम बंद केल्या की फिट परत येते.